पडलेला वारा

नेमबाजीच्या 50 मीटरच्या रेंजवरचा वाऱ्याचा झेंडा पहिल्यांदा बघणाऱ्याला तो झेंडा वाटतच नाही. सुती कापडाची एक पट्टी, 5 सेंटिमीटर रुंद आणि 40 सेंटिमीटर लांब. शिंप्याच्या मशीनखाली कापडाची कात्रणं पडलेली असतात ना, त्यातलंच एखादं उचलून काठीला बांधावं तशी. नियमाप्रमाणे ती दोन ठिकाणी लागते: फायरिंग लाइनपासून 10 मीटरवर आणि मग 30 मीटरवर. नेमबाज पोटावर झोपलेला असतो आणि त्याच्या डोळ्यांच्या वाटेवर या दोन पट्ट्या दिवसभर हलत असतात. माझ्या आयुष्यातली जवळजवळ वीस वर्षं या पट्ट्यांकडे बघण्यात गेली आहेत. स्पर्धा सोडून आता बराच काळ झाला. तरी बाल्कनीत वाळत घातलेली ओढणी हलली की वारा डावीकडून आहे की उजवीकडून हे मी आधी बघते, ओढणी नंतर.

.22 ची, म्हणजे 0.22 इंच व्यासाच्या गोळीची, रायफल मी पहिल्यांदा हातात घेतली ती कॉलेजात, एनसीसीच्या कॅम्पमध्ये. महाराष्ट्रातल्या किती तरी मुलामुलींची या खेळाशी ओळख अशीच झाली आहे. अंजली भागवतसुद्धा एनसीसीतूनच आल्या. कॅम्पात अंतर असायचं 25 मीटर. लाल मातीवर सतरंजी, कानात कापूस, पाच राउंड. त्या अंतरावर वाऱ्याचं नावही कुणी काढायचं नाही आणि ते बरोबरच होतं. कापड जेमतेम हलेल एवढा आडवा वारा 25 मीटरवर गोळीला दीडेक मिलिमीटर सरकवतो. शिकाऊ कॅडेटचा ग्रुपच, म्हणजे सगळ्या गोळ्यांचा पुंजका, मुळात चहाच्या बशीएवढा, त्यात दीड मिलिमीटर कोण शोधणार?

पुढे पुण्याला आल्यावर बालेवाडीच्या रेंजवर 50 मीटर सुरू केलं आणि हिशेबच बदलला. अंतर दुप्पट झालं की वाऱ्याचं सरकवणं दुप्पट होत नाही, साधारण चौपट होतं. 100 मीटरवर गेलात की पुन्हा चौपट. अमेरिकेत .22 ने 100 आणि 200 यार्डांवर खेळणारे लोक आहेत. त्यांच्याकडे बघितलं की मला त्यांच्या नेमापेक्षा त्यांच्या धीराचं जास्त कौतुक वाटतं.

हे असं का होतं ते मला खूप उशिरा कळलं, आणि कळलं तेही रेंजवर नाही, आजीच्या खळ्यावरची उफणणी आठवल्यावर.

आमचं गाव कागल तालुक्यात. फाल्गुनात शाळूची मळणी झाली की दुपार कलल्यावर पश्चिमेकडून वारं सुटायचं आणि आजी तिपाईवर चढायची. खालून मी नाहीतर काकू पाटी भरून द्यायचो. ती पाटी डोक्याच्याही वर धरायची आणि हलवत हलवत धार सोडायची. दाणे सरळ पायाशी पडायचे, कोंडा चार हातांवर जाऊन पडायचा आणि बारीक कूस तर बांधापलीकडे. वारा एकच, उंची एकच. तरी प्रत्येकाला वारा वेगवेगळा नेतो. दाण्याला तो नेतच नाही असं मी लहानपणी समजत होते. ते खरं नाही. दाण्याची रासही तिपाईच्या बरोबर खाली कधी नसायची, बोटभर पूर्वेला सरकलेलीच असायची.

आता गोळी बघा. .22 लाँग रायफलच्या मॅचच्या काडतुसात शिशाची गोळी असते 40 ग्रेनची, म्हणजे 2.6 ग्रॅम. (ग्रेन हे माप मुळात धान्याच्या दाण्यावरून, जवाच्या दाण्यावरून आलंय. हे कळलं त्या दिवशी मला आजीला फोन करावासा वाटला होता, पण तोवर ती राहिली नव्हती.) ही गोळी नळीतून सेकंदाला साधारण 325 मीटर वेगाने निघते, आवाजाच्या वेगापेक्षा किंचित कमी. 50 मीटर जायला तिला सुमारे 0.16 सेकंद लागतात. सेकंदाला 1 मीटर एवढा आडवा वारा धरा. उदबत्तीचा धूर वाकेल पण झाडाचं पान हलणार नाही, इतकाच. गोळी कोंड्यासारखी हलकी असती तर या वाऱ्याने तिला त्या वेळात 16 सेंटिमीटर बाजूला नेलं असतं. प्रत्यक्षात नेतो सुमारे 6 मिलिमीटर.

हे 6 मिलिमीटर येतात कुठून? हवाच नसती तर तीच गोळी 50 मीटर थोडी लवकर पोहोचली असती, साधारण 6 हजारांश सेकंद आधी. हवा तिला अडवते आणि तेवढा उशीर होतो. वारा जो काही हात मारतो तो या उशिरावर मारतो. गोळी हवेत एकूण किती वेळ होती याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नाही, हवेने तिला किती रखडवलं याच्याशी आहे. वाऱ्याचा वेग गुणिले रखडलेला वेळ, एवढाच हिशेब.

म्हणूनच एक गोष्ट नव्या मुलांना पटता पटत नाही. त्यांना वाटतं, वाऱ्यात जलद गोळी मारावी, म्हणजे वाऱ्याला वेळच मिळणार नाही. .22 मध्ये हे उलटं आहे. सेकंदाला 380 मीटर वगैरे वेगाची काडतुसं मिळतात. ती गोळी आवाजाच्या वेगापुढे निघते आणि नेमकं त्याच टप्प्यात हवा सगळ्यात जास्त अडवते. ती लवकर पोहोचते खरी, पण रखडते जास्त. ताशी 16 किलोमीटरच्या आडव्या वाऱ्यात 100 यार्डांवर मॅचची संथ गोळी चारेक इंच सरकते, तर ही जलद गोळी पाच-साडेपाच. मॅचच्या काडतुसांचे सगळे चांगले कारखाने वेग आवाजाच्या खाली ठेवतात, त्यात हे एक कारण आहे.

आता 6 मिलिमीटर म्हणजे किती ते टार्गेटवर मोजू. 50 मीटरच्या टार्गेटचं दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं. आपल्या शर्टाच्या बटणाएवढं, 50 मीटर लांब. गोळी स्वतः 5.6 मिलिमीटरची आणि तिची कड वर्तुळाला शिवली तरी दहा मिळतात. म्हणजे गोळीचा मध्य केंद्रापासून 8 मिलिमीटरपर्यंत असेल तर दहा. पण आता गुण दशांशात मोजतात आणि दर 0.8 मिलिमीटरला एक दशांश जातो. अगदी मधोमध बसणारी 10.9 ची गोळी त्या उदबत्तीच्या वाऱ्याने 10.2 होते. वारा सेकंदाला 2 मीटर झाला, गालाला जाणवेल आणि पिंपळाची पानं सळसळतील एवढा, की तीच गोळी 12 मिलिमीटर सरकून नवात जाते. हात हलला नाही, ट्रिगर स्वच्छ सुटला, श्वास बरोबर. तरी नऊ.

त्यातही गोळी नुसती आडवी सरकत नाही. नळीतल्या आट्यांमुळे ती उजवीकडे गरगरत जाते, त्यामुळे डावीकडून वारा आला तर ती उजवीकडे आणि किंचित खाली जाते. उजवीकडून आला तर डावीकडे आणि किंचित वर. टार्गेटला घड्याळ समजलं तर वाऱ्याचे सगळे शॉट दहा आणि चार या आकड्यांना जोडणाऱ्या तिरक्या रेषेवर पडतात. स्वच्छ ट्रिगरचा शॉट या रेषेवर गेला तर आधी वाऱ्यावर संशय घ्यायचा. गोळी दोनला किंवा आठला गेली तर मात्र स्वतःकडे बघायचं. ही रेषा आमच्या प्रशिक्षक सरांनी मला फळ्यावर काढून दाखवली होती. मी वहीत उतरवूनही घेतली होती. वहीत असणं आणि अंगात असणं यात किती अंतर आहे ते मला एका राज्यस्तरीय स्पर्धेत कळलं.

प्रोनची, म्हणजे पोटावर झोपून मारायची स्पर्धा, 60 शॉट, 50 मिनिटं. सकाळपासून डावीकडून उजवीकडे एकसारखा वारा. दोन्ही झेंडे काठीपासून सुटून तिरके लोंबत होते, सारख्या कोनात. साइटर, म्हणजे मॅचआधीचे अंदाजाचे शॉट, मारताना मी मागच्या साइटला डावीकडे सहा क्लिक, म्हणजे तिच्या चाकाचे सहा खटके, दिले. माझ्या साइटवर एका क्लिकला सुमारे 2 मिलिमीटर, म्हणजे 12. ग्रुप मधोमध आला. मॅच सुरू केली. 10.4, 10.6, 10.3, 10.7. वीस शॉट झाले, तीस झाले. मी इतकी लयीत होते की झेंडे दिसायचे पण मी ते बघत नव्हते. बाजूच्या मॉनिटरवर ठिपका उमटायचा आणि माझा डोळा आधी तिकडे जायचा.

एकतिसावा शॉट 9.6. डावीकडे, किंचित वर.

मला वाटलं ट्रिगर ओढला गेला. पुढचा जपून मारला. 9.5, तिथेच. मग वाटलं स्लिंग, म्हणजे रायफल हाताला पेलून धरणारा पट्टा, घसरली असेल. दंडावरची स्लिंग सरकवली, कोपर हलवला, पुन्हा पोझिशन घेतली. 9.7, तिथेच. तीन गोळ्या एका जागी, दहाच्या आकड्याच्या दिशेने. वहीतली रेषा माझ्यासमोर मॉनिटरवर उमटली होती आणि मला ती वाचता आली नाही. मी साइटला चार क्लिक उलटे दिले. पुढचे दोन शॉट चांगले बसले आणि मला वाटलं, सापडलं. सहाव्याला गोळी गेली उजवीकडे खाली, 9.8.

झालं काय होतं? वारा पडला होता. सकाळपासून जो वारा गोळीला 12 मिलिमीटर उजवीकडे नेत होता तो थांबला आणि माझे सहा क्लिक मात्र जागेवर होते. ते आता गोळीला 12 मिलिमीटर डावीकडे नेत होते. मी ते क्लिक काढले तेवढ्यात वारा परत आला.

बाहेर आल्यावर सरांनी स्कोअर विचारला नाही. म्हणाले, “एकतीस ते छत्तीस झेंडा कुठं होता, सांग बरं.”

मला सांगता आलं नाही. त्यांनी त्यांची वही उघडून दाखवली. मागे उभं राहून त्यांनी माझ्या प्रत्येक शॉटसमोर झेंड्याची एक छोटी तिरकी रेघ मारली होती. तीस रेघा तिरक्या. एकतीस, बत्तीस, तेहेतीस समोर रेघा सरळ उभ्या, काठीला चिकटलेल्या.

“वाऱ्याने घालवलं नाही तुला,” ते म्हणाले, “वारा नव्हता म्हणून गेलं.”

त्या रात्री पुण्याहून कोल्हापूरच्या एसटीत मला आजीची ती दुपार आठवली. उफणता उफणता वारं पडायचं. अगदी अचानक, पाटी अर्धी रिकामी असताना. आजी तिथल्या तिथे धार थांबवायची. पाटी खाली ठेवायची नाही, कारण परत वर चढवायला दोन माणसं लागतात. नुसती डोक्यावरून खांद्यावर घ्यायची आणि उभी राहायची. मी खालून म्हणायचे, टाक की गं, थोडंच राहिलंय. ती म्हणायची, “आता न्हाई. वारं पडल्यावर टाकलं तर कोंडा दाण्यातच पडतोय. केलेली रास बी घाण हुती.”

केलेली रास. तीस चांगल्या शॉटांची रास मी तीन मिनिटांत घाण केली होती, केवळ पाटी खांद्यावर घ्यायला न सुचल्यामुळे.

वाऱ्यात नेम धरायच्या रीती बऱ्याच आहेत. कुणी प्रत्येक बदलाला क्लिक देतं. कुणी क्लिक न देता नेमच बाजूला धरतं, त्याला आमच्याकडे शेडिंग म्हणतात. पण पुढच्या साइटचं कडं गोल आणि समोरचा काळा भागही गोल. गोलात गोल मधोमध बसवायची सवय डोळ्याला इतकी पक्की असते की मुद्दाम वाकडं धरलेलं तो आपोआप सरळ करतो. मला ते कधी नीट जमलं नाही. माझी रीत तिसरी. ज्या वाऱ्यात झिरो केलं, म्हणजे साइट जुळवून ग्रुप मधोमध आणला, त्याच वाऱ्यात मारायचं आणि तो गेला की थांबायचं. या रीतीला घड्याळ आडवं येतं. 60 शॉटला 50 मिनिटं म्हणजे दर शॉटला 50 सेकंद. तीन-तीन मिनिटं थांबायची चैन दोनदा करता येते, पाचदा नाही. म्हणून चांगला वारा चालू असताना पटापट पाच-सहा शॉट मारून वेळ गाठीला बांधायचा, आणि पडला की तो खर्च करायचा. आजीही वारं जोरात असलं की पाट्यांवर पाट्या मागायची, आम्हाला श्वास घेऊ द्यायची नाही.

झेंडेही नेहमी खरं बोलतात असं नाही. पावसाळ्यात कापड भिजलं की जड होतं आणि वारा असूनही खाली लोंबतं. बाजूच्या भिंतीवर आपटून वारा उलटा फिरतो तेव्हा 10 मीटरवरचा झेंडा एकीकडे आणि 30 मीटरवरचा दुसरीकडे. अशा वेळी कुणाचं ऐकायचं? दोघांचा वारा सारखाच असेल तर जवळच्याचं. सुरुवातीलाच गोळीची दिशा जरा वाकली तर ते वाकणं उरलेल्या सगळ्या वाटेवर वाढत जातं. शेवटी वाकली तर वाढायला वाटच उरत नाही. समोरून किंवा पाठीमागून येणारा वारा फार त्रास देत नाही. तिरका मात्र फसवतो. नेमाच्या रेषेशी 30 अंशांचाच कोन असला तरी पूर्ण आडव्या वाऱ्याच्या निम्मा परिणाम होतो, 45 अंशांना तर सत्तर टक्के. नवी मुलं ‘जवळजवळ समोरून आहे’ म्हणून सोडून देतात आणि मग ट्रिगरला दोष देतात.

एप्रिल-मेमध्ये आणखी एक साक्षीदार मिळतो, मृगजळ. स्पॉटिंग स्कोपचा, म्हणजे टार्गेट बघायच्या दुर्बिणीचा, फोकस टार्गेटच्या जरा अलीकडे आणला की तापलेल्या जमिनीवरची हवा वाहताना दिसते, उथळ ओढ्यातल्या पाण्यासारखी. वारा असला की ती आडवी वाहते. पडला की सरळ वर उकळते, चुलीवरच्या आधणासारखी. ती उकळी दिसली की मी रायफल खांद्यावरून काढायची. कापडाच्या आधी हवा सांगते, हे मला फार आवडतं.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते. आपल्याकडे नेमबाजी म्हटलं की 10 मीटर एअर रायफल डोळ्यांसमोर येते. 2008 चं बीजिंगचं अभिनव बिंद्राचं सुवर्ण, 2012 चं लंडनचं गगन नारंगचं कांस्य, दोन्ही 10 मीटरची, बंद हॉलमधली. त्या खेळाची अवघड जागा वेगळी आहे, तो कमी नाही. पण 50 मीटरच्या रेंजचा नियमच असा की 50 पैकी किमान 45 मीटर वर उघडं आभाळ पाहिजे. वारा या खेळात चुकून येत नाही, त्याला आत घेतलेलं आहे. आणि इथे आपल्या माणसांनी जे केलं ते पुरेसं बोललं जात नाही. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली, 600 पैकी 597. जागतिक विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज. साठ शॉटांत फक्त तीन गुण गेले. उघड्या आभाळाखाली साठ वेळा हवा वाचून फक्त तीन गुण जाऊ देणं म्हणजे काय, हे ज्याने एकदा तरी एकतिसावा शॉट घालवलाय त्याला कळेल. लंडनला 2012 मध्ये जॉयदीप कर्माकर प्रोनमध्ये चौथा आला, पदक थोडक्यात हुकलं. त्यानंतर 1 ऑगस्ट 2024 ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचं, म्हणजे गुडघ्यावर बसून, पोटावर झोपून आणि उभं राहून मारायच्या प्रकारातलं, कांस्य आणलं. 590 गुण मिळवून तो सातवा म्हणून फायनलला गेला आणि 451.4 वर तिसरा आला. या प्रकारातलं भारताचं पहिलं ऑलिंपिक पदक. त्या दिवशी मी ऑफिसात मोबाइलवर बघत होते आणि रडत होते. शेजारची मुलगी म्हणाली, “ताई, ओळखीचा आहे का?” मी नाही म्हटलं.

मागच्या फाल्गुनात गावी गेले होते. आता खळ्यावर उफणणी नाही. मळणी यंत्रच दाणा आणि भुसा वेगळा करून देतं, त्याचा पंखा एकसारखा वाहतो आणि कधी पडत नाही. आजीची तिपाई गोठ्याच्या कोपऱ्यात आहे, एक पाय जरा मोडलेला. काकूला विचारलं, वारं परत येणार हे आजीला कसं कळायचं गं? झाडं हलायच्या आधीच ती पाटी डोक्यावर घ्यायची.

काकू म्हणाली, “मानेवरचा घाम गार लागला की म्हणायची, द्या.”

शूटिंगच्या जाड जाकिटात मान झाकलेली असते. डाव्या हातात ग्लोव्ह, नेम न धरणाऱ्या डोळ्यापुढे ब्लाइंडर, म्हणजे आडोशाची पट्टी. उघडा राहतो तो उजवा हात आणि गालाचा थोडा भाग. पुण्याला परतल्यावर एका रविवारी बऱ्याच वर्षांनी रेंजवर गेले, स्पर्धा म्हणून नाही, अशीच. उसनी रायफल, पन्नास राउंड. डावीकडून वारा होता, त्यात झिरो केलं. सतरा-अठरा शॉट झाले आणि 10 मीटरवरची पट्टी काठीला चिकटली, मागून 30 ची. रायफल खांद्यावरून काढली, पण स्लिंग सोडली नाही आणि कोपर हलवला नाही. डाव्या दंडात नाडीचे ठोके जाणवत होते. शेजारच्या पॉइंटवरचा मुलगा मारतच होता. त्याच्या मॉनिटरवर ठिपके दहाच्या दिशेने जात होते आणि तो दर शॉटनंतर ट्रिगरकडे बघत होता. उजव्या हाताचा तळवा घामाने ओला झाला होता. तो मी उघडा धरून ठेवला.

मग तो गार लागला. झेंडे अजून हलले नव्हते. मी रायफल खांद्याला लावली.